सत्याग्रहीचे गाठोडे



खडोलीच्या या शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी मला बोलावले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्या दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांना आदरांजली वाहून मी विषयाला प्रारंभ करतो.

विषय मला एका विद्यार्थिनीने दिला. महाविद्यालयात शिकणारी ही मुलगी काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली होती. जमिनीच्या प्रश्नावर निघणाऱ्या एका मोर्चाला ती आयुष्यात प्रथमच जाणार होती. तिने विचारले, "सर, बरोबर काय घेऊ आणि काय घरी ठेवू?" मी पाणी, भाकरी, औषध, अंगभर कपडे अशी उत्तरे दिली. ती समाधानाने गेली. मी मात्र अस्वस्थ झालो. आयुष्यभर इतिहास शिकवला. चळवळींची कारणे सांगितली, परिणाम सांगितले, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण त्या चळवळींत चालणाऱ्या माणसाच्या गाठोड्यात काय होते, हे मी एकदाही शिकवले नव्हते.

पुढे जसजसा विचार करू लागलो तसतसे लक्षात आले की, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. माणूस आपल्या मागणीसाठी घराबाहेर पडतो तेव्हा त्याचे भाषण ऐकण्याआधी लोक त्याचे हात पाहतात. हातात काय आहे, खांद्यावर काय आहे आणि काय नाही, यावरून आंदोलनाचा स्वभाव कळतो. वारकऱ्याची पडशी पाहिली की तो कोठे निघाला हे विचारावे लागत नाही. तसेच हे आहे. आज मी अशाच काही गाठोड्यांचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. त्यांतील बरीचशी आपल्या पंचक्रोशीच्या जवळपासची आहेत आणि एक तर आपल्या स्वतःच्या भूमीचे आहे. ते सोडवताना थोडे अवघड जाईल, हे आधीच सांगून ठेवतो.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

प्रारंभ दांडीयात्रेपासून करू. १२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधी ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचलले. दांडी आजच्या नवसारी जिल्ह्यात आहे, म्हणजे आपल्यापासून फार दूर नाही. या यात्रेची तयारी करताना गांधीजींनी वाटेवरील गावांना आगाऊ कळवले होते की, अन्न अगदी साधे असावे, पक्वान्ने करू नयेत. यात्रेकरू आपापले अंथरूण-पांघरूण स्वतः आणतील, गावाने केवळ विसाव्यासाठी स्वच्छ जागा द्यावी. ज्यांच्यासाठी आपण लढतो त्यांच्यावरच आपला भार पडू नये, हा त्यामागील विचार होता.

परंतु नियम करणे आणि तो पाळणे यांत अंतर असते. २९ मार्च रोजी यात्रा सुरत जिल्ह्यातील भाटगाम येथे पोहोचली. तोपर्यंत यात्रेचा थाट वाढला होता. सुरतेहून मोटारीने दूध आणवले जात होते. रात्रीच्या चालीसाठी किटसनचा जड दिवा होता आणि तो एका मजुराच्या डोक्यावर देऊन त्याला भराभर चालण्यास सांगितले जात होते. गांधीजींनी हे पाहिले आणि त्या रात्रीच्या भाषणात सरकारवर टीका करण्याऐवजी स्वतःची आणि सहकाऱ्यांची झडती घेतली. गरिबांच्या मिठावरील कर काढण्यासाठी निघालेल्या यात्रेचा दिवा एका गरिबाच्याच डोक्यावर असावा, ही गोष्ट त्यांना असह्य झाली.

भाटगामचे हे भाषण पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. माझ्या मते ते दांडी येथील मीठ उचलण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आंदोलकाने गाठोडे बांधताना विचारावयाचा पहिला प्रश्न त्यातून मिळतो. हे ओझे कोण वाहणार? स्वतःला वाहता येत नसेल ते घरी ठेवावे.

याच प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या काळात आपल्या शेजारच्या आदिवासी शेतकऱ्यांनी दिले. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटरचा पायी मोर्चा निघाला. वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही त्यातील प्रमुख मागणी होती. ६ मार्चला निघालेले हजारो स्त्री-पुरुष ११ मार्चला मुंबईत सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी शहरात दहावीच्या परीक्षेचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला तर रस्ते अडतील आणि मुलांना केंद्रावर पोहोचता येणार नाही, म्हणून दिवसभर चाललेली ही माणसे विश्रांती सोडून रात्रीच पुन्हा चालू लागली आणि पहाटे आझाद मैदानावर जाऊन बसली. पायांना फोड आलेले, चपला तुटलेल्या. पण आपले ओझे परक्याच्या मुलावर टाकावयाचे नाही, हा निश्चय. दुसऱ्या दिवशी मुंबईकर पाणी, खाद्यपदार्थ आणि पादत्राणे घेऊन त्यांच्या भेटीला आले. त्या एका रात्रीच्या चालीने जी सहानुभूती मिळवली ती शंभर भाषणांनी मिळाली नसती.

पाणी आणि घोंगडी

गाठोड्यातील दुसरी गोष्ट पाणी. ती इतकी साधी आहे की कोणाला सांगावी लागू नये. पण पाणी कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, याचाही इतिहास आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महाड येथे परिषद भरली. गावात चवदार तळे भरलेले होते. कायद्याने ते सर्वांना खुले झालेले होते. तरीही परिषदेला आलेल्या प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, कारण त्या तळ्याला हात लावण्याची अस्पृश्यांना प्रत्यक्षात मुभा नव्हती. दुसऱ्या दिवशी ते शिस्तीने रांगेत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. घरून आणलेले पाणी संपल्यावर काय, हा प्रश्न काहींच्या बाबतीत केवळ सोयीचा नसतो; तोच कधी कधी आंदोलनाचा विषय असतो.

तिसरी गोष्ट घोंगडी. यासाठी आपल्याला धरासणाला जावे लागेल. धरासणा वलसाड जिल्ह्यात आहे. गांधीजींच्या अटकेनंतर, २१ मे १९३० रोजी, सुमारे अडीच हजार स्वयंसेवक सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली तेथील मिठागराकडे निघाले. वेब मिलर नावाचा अमेरिकन वार्ताहर डुंगरी स्थानकावर उतरून तेथे पोहोचला होता. त्याने जे पाहिले ते जगभर छापून आले. त्याच्या वर्णनातील लाठ्यांचा भाग सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातील सामानाचा भाग अधिक बोलका वाटतो. लाठ्या घेतलेल्या पोलिसांसमोर जाणाऱ्या या माणसांजवळ होते काय? काहींजवळ मिठागराभोवतीच्या काटेरी कुंपणाचे खांब ओढण्यासाठी दोर होते. आणि सुमारे वीस जणांच्या छातीवर हाताने रंगवलेले लाल क्रूस टाचलेले होते. जखमींना उचलून आणणे हे त्यांचे काम. त्यांच्याजवळ शिबिकेऐवजी घोंगड्या होत्या.

विद्यार्थिमित्रहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ती माणसे निघतानाच हे जाणून होती की आपल्यापैकी अनेक जण स्वतःच्या पायांनी परत येणार नाहीत. प्रतिकार करावयाचा नाही, हात वर करून वार अडवावयाचाही नाही, असे ठरले होते. म्हणून ढाल घेतली नाही, घोंगडी घेतली. त्या दिवशी झोपडीवजा रुग्णालयात मिलरने ३२० जखमी मोजले. दोघे मरण पावले होते. घोंगड्या रक्ताने भिजल्या होत्या, हेही त्याने नोंदवले आहे. धरासणाच्या मिठागरात त्या दिवशी सत्याग्रहींना मीठ मिळाले नाही. पण रिकाम्या हातांच्या माणसांवर लाठ्या चालवणाऱ्या राज्याची नैतिक प्रतिष्ठा मात्र तेथेच संपली.

कोयता: साधन की पुरावा?

आता मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती आपल्या घराघरांत आहे. कोयता. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी यांपैकी कोणाच्याही घरी जा. कमरेला अडकवलेला कोयता हा पोशाखाचाच भाग असतो. फाटी तोडायची, कुंपण करायचे, बांबू सोलायचा, तर कोयता हवा. शेतावर जाताना तो विसरला तर माणूस अर्ध्या वाटेवरून परत येतो. अशा माणसाने सभेला जाताना कोयत्याचे काय करावे?

१९३० च्या जंगल सत्याग्रहात कोयता हेच सत्याग्रहाचे साधन होते. दांडीला जे मिठाचे, तेच येथे लाकडाचे. जंगलाच्या जुलमी कायद्याचा भंग झाड तोडूनच करावयाचा होता. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर आगरी, कोळी, कातकरी असा समाज जमला. गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. कोयता झाडासाठी आणला होता. परंतु बंदूकधाऱ्याच्या नजरेत जमावाच्या हातातील पाते हे केवळ पाते असते.

याहून अधिक जवळचा आणि अधिक दाहक अनुभव तलवाड्याचा आहे. डहाणू, तलासरी, उंबरगाव हा पट्टा आपल्या सीमेला लागून आहे. तिथल्या आणि इथल्या वारल्यांचे सोयरेसंबंध आहेत. १९४५ साली या पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने वेठबिगार आणि लग्नगडी या दोन गुलामगिऱ्यांविरुद्ध वारल्यांना उभे केले. जानेवारीत टिटवाळ्याला शेतकऱ्यांची परिषद झाली, मे महिन्यात झरी येथे वारल्यांची स्वतःची परिषद झाली आणि वेठ करावयाची नाही असा निर्धार झाला. काही महिन्यांतच पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ मोडून पडू लागली. गोदावरीबाईंनी हा सारा अनुभव पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहून ठेवला.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी गावोगाव एक निरोप फिरला. गोदावरीबाई तलवाड्याला येत आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी हाती असेल ते घेऊन तलवाड्याला जमावे. हजारो वारली रातोरात निघाले. कोणी काठी घेतली, कोणी कोयता. वस्तुतः किसान सभेने अशी सभा बोलावलेलीच नव्हती. निरोप जमीनदारांच्या बाजूने पसरवलेला होता. दुसरीकडे पोलिसांकडे अशी वर्दी गेली की, वारली हत्यारे घेऊन लुटालुटीसाठी जमले आहेत. पोलीस आले आणि त्यांनी पाहिले तो खरोखरच हजारोंचा जमाव आणि हातांत काठ्या-कोयते! वर्दी खरी ठरली. १० तारखेच्या रात्रीपासून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून थांबून गोळीबार होत राहिला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. आपल्या बाईंना सोडून जायचे नाही म्हणून लोक जागचे हलले नाहीत.

या घटनेतील दोष मारल्या गेलेल्यांच्या माथी मारण्याचा माझा उद्देश नाही. ज्याने कट केला आणि ज्याने गोळी घातली त्यांची जबाबदारी कोयत्यावर ढकलता येणार नाही. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट टिपून ठेवली पाहिजे. ज्यांना वारल्यांचा नाश हवा होता त्यांनीच वारल्यांना हत्यार आणावयास सांगितले होते. धरासणाला रिकामा हात हा सत्याग्रहींच्या बाजूचा पुरावा झाला. तलवाड्याला भरलेला हात त्यांच्याविरुद्धचा पुरावा करण्यात आला. गाठोडे बांधताना विचारावयाचा दुसरा प्रश्न येथे आहे. हे माझ्या हाती पाहून माझा विरोधक काय सिद्ध करील?

आणि तलवाड्यात कोयत्याहूनही घातक असे एक सामान प्रत्येकाने घरून आणले होते. ते म्हणजे खात्री न केलेला निरोप. त्या काळी तो तोंडोतोंडी फिरला. आज तो मोबाईलवरून क्षणार्धात फिरतो. कोणी पाठवला, मूळ संघटनेने खरोखर बोलावले आहे का, जागा आणि वेळ तीच आहे का, हे विचारल्याशिवाय घराबाहेर पडणे म्हणजे तलवाड्याच्या वाटेला लागणे होय.

आपल्या भूमीचा पेच

येथपर्यंतचे विवेचन ऐकून आपल्यापैकी कोणी विचारील, आणि विचारावेच, की मग आपले काय? दादरा आणि नगर हवेली रिकाम्या हातांनी मुक्त झाली का?

नाही. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. २ ऑगस्टला आपण मुक्तिदिन साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणांत कधी कधी १९५४ च्या लढ्याला सत्याग्रह म्हटले जाते. माझ्या मते तो शब्द तेथे योग्य नाही, आणि तो वापरल्याने लढ्याचा गौरवही होत नाही. २१ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मास्कारेन्हस आणि वामन देसाई यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी दादराच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. त्यात पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारियो मारले गेले. २८ जुलैला नरोली घेतली गेली. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण सिल्वासात शिरले. विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, प्रभाकर सिनारी ही त्यांतील काही नावे. लढ्यासाठी पैसा उभा करावा म्हणून सुधीर फडके यांच्या पुढाकाराने पुण्यात लता मंगेशकरांचा गाण्याचा कार्यक्रम झाला होता. गाण्याच्या तिकिटांचे पैसे शस्त्रांकडे वळले, हे आजच्या श्रोत्याला विचित्र वाटेल. पण ते तसेच घडले.

म्हणजे आपल्या मुक्तिसैनिकांच्या गाठोड्यात शस्त्र होते. त्यांनी ते लपवले नाही, आणि ज्या धोक्यात पाऊल टाकले तोही त्यांनी पत्करला. मग आपण शिकावे काय? धरासणा खरे की सिल्वासा?

या पेचाचे उत्तर मी पुष्कळ दिवस शोधत होतो. मला वाटते, दोन्ही खरे आहेत. खोटे आहे ते दोहोंचे मिश्रण. शस्त्र घेऊन जाणारा सैनिक असतो. तो शस्त्राच्या परिणामाची जबाबदारी घेतो आणि समोरच्याच्या शस्त्राबद्दल तक्रार करीत नाही. सत्याग्रही शस्त्र घरी ठेवतो आणि त्यामुळेच समोरच्याच्या शस्त्राबद्दल जगापुढे तक्रार करण्याचा अधिकार मिळवतो. दोघांपैकी काय व्हायचे हे आधी ठरवावे लागते. तोंडाने शांततेच्या घोषणा आणि पिशवीत दगड, ही तिसरी रीत म्हणजे ना सैन्य ना सत्याग्रह. तिच्यामुळे शेजारी रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर लाठी येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५४ साली येथे परकीय सत्ता होती; मत देण्याचा, न्यायालयात जाण्याचा, सभा घेण्याचा मार्ग तिने खुला ठेवला नव्हता. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विधिवत समाविष्ट झाला आणि भारताचे संविधान आपले झाले. त्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क दिला तो दोन अटींसह. जमणे शांततेने असावे आणि विनाशस्त्र असावे. म्हणजे आंदोलनाला जाताना काय घरी ठेवावे, हे संविधानानेच लिहून ठेवले आहे. ज्या नागरिकत्वासाठी १९५४ मध्ये शस्त्र उचलले गेले, त्या नागरिकत्वाचा हक्क शस्त्र खाली ठेवूनच बजावता येतो.

एका वाटेचा निवाडा

आपल्या भूमीच्या इतिहासात या प्रश्नाचा एक निवाडा थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाला आहे. दमण आणि दादरा-नगर हवेली यांच्यामध्ये भारताची भूमी. पोर्तुगीजांना दमणहून येथे यावयाचे तर ती ओलांडावी लागे. जुलै १९५४ मध्ये भारताने ही वाट बंद केली. इकडे सिल्वासाचा कप्तान फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलच्या बाजूला हटला आणि अखेर ११ ऑगस्ट १९५४ रोजी उदवा येथे भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरमध्ये हेग येथील न्यायालयात फिर्याद दाखल केली.

१२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निकाल दिला. तो मला आजच्या विषयाच्या दृष्टीने अतिशय अर्थपूर्ण वाटतो. न्यायालयाने म्हटले की, खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना त्या वाटेने नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना नेण्याचा हक्क नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. वाट एकच. माणूस आणि त्याचा माल जाऊ शकतो, बंदूक जाऊ शकत नाही. जगातील सर्वोच्च न्यायासनासमोर आपल्या या चिमुकल्या प्रदेशाचा प्रश्न गेला आणि तेथेही अखेर प्रश्न उरला तो हाच की, बरोबर काय न्यावे?

परतीची तारीख नसलेला प्रवास

दादरा-नगर हवेली मुक्त झाल्यावर गोव्याकडे डोळे लागले. तेथे मात्र निःशस्त्र सत्याग्रहाचा मार्ग निवडला गेला. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे यांची तुकडी गोव्यात शिरली. तीत सेनापती बापट होते; त्यांचे वय तेव्हा ७४ होते. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मधु लिमये यांना बारा वर्षांची. १९५७ च्या फेब्रुवारीत ते सुटले. म्हणजे सीमा ओलांडताना बांधलेले गाठोडे दीड-पावणेदोन वर्षांनी पुन्हा घरी सोडले गेले.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही सावंतवाडी-बांद्याच्या बाजूने आणि इतर सीमांवरून आत शिरले. हातात तिरंगा, दुसरे काही नाही. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक सत्याग्रही त्या दिवशी मृत्युमुखी पडले. पत्रादेवी येथे पंजाबचे कर्नेलसिंग पडले. मध्य प्रदेशातील सागरच्या सहोदराबाई राय यांना झेंडा हाती असताना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेत निवडून गेल्या.

येथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. निःशस्त्र जाण्याने माणूस सुरक्षित राहतो असे नाही. पत्रादेवीने ते दाखवून दिले. शस्त्र घरी ठेवण्याचा उपदेश करणाऱ्याने ही किंमत लपवू नये. म्हणून गाठोड्याचा तिसरा प्रश्न असा की, मी आज परत आलो नाही तर घरी कोणाला काय ठाऊक आहे? कोठे चाललो, कोणाबरोबर चाललो, आजारी आईचे औषध कोण आणील, धाकट्या भावाची फी कोण भरील, हे सांगून निघणे हेही सामानच आहे. ते घरी ठेवून जायचे असते.

त्या मुलीला उत्तर

मोर्चाहून परतल्यावर ती विद्यार्थिनी मला पुन्हा भेटली. मोर्चा शांततेने पार पडला होता. मी तिला म्हटले, तुझ्या प्रश्नाचे मी अर्धेच उत्तर दिले होते. उरलेले आता देतो. ते येथे थोडक्यात सांगून थांबतो, कारण या सभागृहातील अनेक मुलांना उद्या हा प्रश्न पडणार आहे, आणि पडावा.

पाणी घ्यावे, आणि शेजाऱ्याला पुरेल इतके घ्यावे. कोरडी भाकरी, गूळ, रोज लागणारे औषध घ्यावे. पायांत बसणारी, तुटणार नाही अशी चप्पल असावी. डोक्यावर फडके असावे आणि एक चादर असावी. ती थंडीला उपयोगी पडते आणि कोणी पडला तर त्याला उचलायलाही. ओळखपत्र असावे. घरच्यांचा आणि ओळखीच्या वकिलाचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेला असावा, कारण मोबाईल हरवतो आणि बंदही पडतो. मागणी काय आहे, ती कोणाकडे आहे आणि कोणत्या कायद्याखाली आहे, हे चार ओळींत सांगता येईल इतके पाठ असावे. आपली मागणी स्वतःच्या शब्दांत सांगता न येणारा माणूस मोर्चात केवळ संख्या म्हणून उभा राहतो.

घरी काय ठेवावे? कोयता घरी ठेवावा, कितीही सवयीचा असला तरी. काठी म्हाताऱ्या माणसाने आधारासाठी घ्यावी, तरुणाने घेऊ नये. दागिना आणि जास्तीचे पैसे घरी ठेवावे. दारू तर घरीही ठेवू नये. खात्री न केलेला निरोप घरी ठेवावा. जे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर द्यावे लागेल ते घरी ठेवावे. आणि भीती? ती घरी ठेवता येत नाही. धरासणाच्या माणसांनाही ती ठेवता आली नसेल. ती बरोबर घेऊनच ते गेले.

ती मुलगी हे ऐकून जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, मी कोयता घरी ठेवला होता. आजीने ठेवायला लावला. ती म्हणाली, आपल्या माणसांना एकदा असेच बोलावून मारले होते."

मी तिला तलवाड्याविषयी काही सांगितले नव्हते. शाळेच्या पुस्तकात ते नव्हते. तिच्या आजीने ते कोठून तरी ऐकले होते आणि इतकी वर्षे जपून ठेवले होते. विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरी अशी वृद्ध माणसे असतील तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना विचारा. ते जे सांगतील ते वहीत लिहून घ्या, तारीख घाला आणि शाळेत आणून द्या. खडोलीचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही. तो तुम्हाला लिहावयाचा आहे.